सरव्याच्या हळदीचं गुप्तदान

तर काल आपण आदगोंडा अण्णांना वडूजच्या स्टँडवर उतरवलं आणि तेवढ्यात जेवणाची हाक आली, म्हणून बिचारे अण्णा कालपासून तिथंच उभे आहेत. एका हातात पाच किलो भडंगाची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, धोतराच्या आत कमरेला गच्च बांधलेली कापडी पिवळी पिशवी. भाद्रपदाचं ऊन असं की छत्री उघडावी तर लोक म्हणतील पाऊस कुठाय, न उघडावी तर टाळू भाजते. अण्णांनी ती अर्धी उघडली.

भडंगाचीही एक गंमत आहे. सांगलीत स्टँडसमोर अण्णांनी बिनलसणाचं भडंग मागितलं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, लसूण न्हाई तर त्याला भडंग कोण म्हणणार?" अण्णा म्हणाले, "साठ पोरं हायत. आमच्या घरचं म्हणून खाणार. आमच्या घरात लसूण न्हाई." दुकानदारानं वेगळ्या कढईत करून दिलं, वर मूठभर शेंगदाणे जास्त घातले. विट्याला गाडी बदलताना कंडक्टरनं पिशवीचं तिकीट मागितलं, त्यावरनं जी हुज्जत झाली ती काल सांगून झाली आहे. ती पुन्हा नको.

काल जे नव्हते त्यांना एवढं पुरे. अण्णा सांगलीजवळच्या समडोळीचे. वय शहात्तर. थोडा ऊस, दीड एकर हळद, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, रोजचं दर्शन, सूर्य मावळायच्या आत जेवण. मुलगा अरिहंत पुण्यात नोकरीला. आणि बायको चंदनबाला, जिला अख्खं गाव चंदनअक्का म्हणायचं, ती गेल्या दिवाळीनंतर गेली. ताप आला, दवाखाना झाला, आठव्या दिवशी माणूस नाही. सत्तेचाळीस वर्षांचा संसार आठ दिवसांत आवरला.

या चंदनअक्कांची एक रीत होती. हळद काढून झाली की कितीही हात फिरवला तरी मातीत चार-दोन हळकुंडं राहतातच. रान मोकळं झालं की अक्का खुरपं घेऊन एकट्या त्या सऱ्यांतनं फिरायच्या आणि हा सरवा वेचायच्या. मोठ्या ढिगात तो कधी मिसळला नाही. घरच्या पातेल्यात वेगळा शिजवायचा, माडीवर वेगळा वाळवायचा, गोणपाटावर हातानं घासून उजळायचा. तळहात महिनाभर पिवळे. बाजारात तो विकून जे येईल ते या पिवळ्या पिशवीत. आणि पर्युषणाचं दहा दिवसांचं पर्व संपलं, अनंत चतुर्दशी झाली, की लगोलग येणाऱ्या क्षमावाणीच्या दिवशी अक्का सकाळी दर्शन करून, सगळ्यांची क्षमा मागून, पहिल्या गाडीनं कुठंतरी जायच्या. दिवस मावळायच्या आत परत. पिशवी रिकामी.

कुठं जायच्या, कुणाला द्यायच्या, हे कुणालाच माहीत नाही. लग्नानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी अण्णांनी एकदा विचारलं होतं, "कुठं गेलतीस?" अक्का भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सांगितल्यावर ते दिलेलं ऱ्हातंय व्हय?" झालं. त्यानंतर अण्णांनी तोंड उघडलं नाही. त्यांच्याकडं गुप्तदान म्हणजे गुप्तदान. देणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, पावती मागायची नाही, पुढं त्याचं काय झालं हे विचारायचं नाही. विचारलं की त्यातला राम गेला.

आता बघा, माणूस जिवंत असताना जे गुपित बरं वाटतं, ते माणूस गेल्यावर किती टोचतं. यंदा फाल्गुनात हळद निघाली. कामाच्या बायका घरी गेल्या आणि अण्णा खुरपं घेऊन सरीत बसले. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. दुसऱ्या दिवशी बायकांनी बघितलं आणि हसल्या, "आवं अण्णा, रान तुमचं, हळद तुमची, आन सरवाबी तुमीच येचताय?"

"रान माझं हाय," अण्णा म्हणाले. "सरवा तिचा हाय."

अण्णांनी सरवा वेचला, शिजवला, घासला, विकला, पिशवी भरली. आणि तेव्हा कुठं अण्णांच्या लक्षात आलं की आता ही पिशवी घेऊन कुठं जायचं हेच आपल्याला ठाऊक नाही. कुठंतरी कुणीतरी त्या दिवशी दाराकडं बघत असेल, दरसालची ती बाई अजून आली नाही म्हणत असेल. आपण या जगात तिचं एवढं एक काम पुढं न्यावं, तर त्याचा पत्ता ती घेऊन गेली. अण्णांनी अक्कांची ट्रंक तीनदा उचकली. जुनी तिकिटं बघितली, लुगड्यांच्या घड्या सोडल्या. एक चिटोरं सापडलं नाही.

श्रावणात अक्कांचा जन्मदिवस आला. अरिहंतनं पुण्यात बसून फोनवर आईचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकला. खाली तिचं पूर्ण नाव, चंदनबाला, घालून लिहिलं, आई दरवर्षी गुप्तदान करायची, कुणाला ते आम्हाला आजही माहीत नाही. आणि शेवटी लिहिलं, अण्णा घरी एकटेच असतात, त्यांच्याशी बोलावं असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी हा नंबर. पोराचा हेतू सोन्यासारखा. बाप दिवसभर भिंतीशी बोलतो, चार पाव्हण्यांनी फोन करावा, एवढंच त्याच्या मनात.

पाव्हण्यांचे दोन फोन आले. चौथ्या दिवशी तिसरा आला.

"नमस्कार आजोबा. मी वीरधवल सर बोलतोय." आवाज मऊ, शाळेत शिकवल्यासारखा. त्यानं एका बालकाश्रमाचं नाव सांगितलं. ते इथं घ्यायला नको, त्या नावाचे खरे आश्रम असतील, त्यांना कशाला बट्टा. "चंदनबालाताई आमच्याकडे दर वर्षी यायच्या. साठ मुलं आहेत आमच्याकडे. ताई गेल्या हे आत्ता कळलं. मुलं दोन दिवस जेवली नाहीत."

अण्णा ओसरीवर उभे होते, ते खालीच बसले. सापडला! इतके महिने जो पत्ता शोधत होतो तो स्वतः चालत घरी आला. त्या दिवशी अण्णा तासभर बोलले. काय बोलले म्हणता? सगळं. ती चहा बिनसाखरेचा घ्यायची, तिला भगवं लुगडं आवडायचं, उजव्या पायाला भोवरी होती म्हणून चप्पल वाकडी झिजायची. पलीकडचा नुसता "हो आजोबा, हो ना आजोबा" म्हणत होता.

मग रोजच फोन यायला लागला. दुपारी तीनला. अण्णा अडीचलाच फोन मांडीवर घेऊन बसायचे. चौथ्या की पाचव्या फोनला वीरधवल सर म्हणाला, "ताई आल्या की लिंबाखालच्या बाकावर बसायच्या. बिनसाखरेचा चहा घ्यायच्या. चप्पल काढून मुलांच्यात बसायच्या, आणि मुलांनी काही गंमत केली की इतक्या मोठ्यानं हसायच्या आजोबा, की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं."

अण्णांनी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

आता हे हसण्याचं जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अक्का नव्या नवरी असताना, अण्णा एकदा हळद शिजवायच्या कायलीजवळ चिखलात घसरले आणि बसल्या जागी डोक्यापासून पायापर्यंत पिवळेजर्द झाले. अक्कांना हसू आवरलं नाही. खळखळून, मोकळं, रानभर गेलं ते हसू. तेवढ्यात अण्णांची आई मागं येऊन उभी राहिली. बोलली काही नाही, नुसतं बघितलं. अक्कांनी पदर तोंडात कोंबला. त्या दिवसापासून सत्तेचाळीस वर्षं चंदनअक्का हसल्या की नुसते खांदे हलायचे, आवाज नाही. आई जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी खांदेच हलायचे. तेव्हा आपण आईला "हसू दे की तिला" एवढं चार शब्दांचं बोललो असतो तर, हे अण्णांना फार उशिरा सुचलं, आणि सुचल्यावर ते जिला सांगायचं तीच उरली नाही.

आणि आता हा मनुष्य सांगत होता की ती हसायची. मोठ्यानं. कुठंतरी लिंबाखाली, वर्षातनं एक दिवस.

पैशाचं बोलणं नवव्या फोनला निघालं. मुलांच्या खोलीचे पत्रे उडालेत. ताईंचं या वर्षीचं आलं की टाकू म्हणून थांबलोय. संस्थेच्या खात्याला काहीतरी अडचण आहे म्हणून माझ्या मेहुण्याच्या खात्यावर पाठवा. क्षमावाणीच्या आत पाठवा, उशीर नको. "आणि आजोबा, पावतीचं म्हणाल तर..."

"छ्या!" अण्णाच म्हणाले. "पावती कसली? गुप्तदान हाय ते."

पलीकडच्याला याहून काय हवं होतं? मासा जाळ्यात येतानाच खवले काढून आला.

पण अण्णांनी एक हट्ट धरला. पैसे मी हातानं देणार, त्याच दिवशी, ती जायची तसा जाऊन. मला तो बाक बघायचा आहे. वीरधवल सरानं नाना परीनं अडवलं. गुप्तदानाची मर्यादा मोडेल म्हणाला, मुलं रडतील म्हणाला, रस्ता वाईट आहे म्हणाला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि मध्येच साळसूदपणे विचारलं, "गाडीतनं उतरायचं कुठं, म्हणलासा?" त्याच्या तोंडून निघून गेलं, "वडूज, दहिवडी रस्त्याला, जुन्या पोल्ट्रीच्या पुढं. पण तुम्ही येऊ नका."

अण्णा आले. संशय म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्या. संशयाचा कणसुद्धा त्यांच्या मनात नव्हता. बायको जिथं हसली ती जागा बघायला शहात्तर वर्षांचा म्हातारा दोन गाड्या बदलून आला होता.

स्टँडवरनं ते दहिवडीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना बाजरी कणसात आलेली. आमच्याकडच्या नदीकाठच्या हिरव्यागार मळीपुढं हे रान किती कोरडं, आणि ही वाट तिनं किती वेळा तुडवली असेल, असं अण्णांच्या मनात येत होतं. वाकडी झिजणारी तिची चप्पल याच फुफाट्यात उमटली असेल म्हणून ते खाली बघत चालले होते. जुनी पोल्ट्री लागली. पुढं काही नाही. मागं आले, पुन्हा पुढं गेले. लिंबाचं झाड एक नाही, बाभळी मात्र आठ-दहा.

पोल्ट्रीच्या अलीकडं एक पिठाची गिरणी होती. दारात दोन-तीन बायका डबे घेऊन बसलेल्या. आत पिठानं पांढरा झालेला एक उंच माणूस, मिशा तेवढ्या काळ्या. हा नाथाजी. अठरा वर्षं फौजेत काढून गावी आला आणि गिरणी टाकली. दळण घालायचं काम बायकोचं, शालूबाईचं, आणि बोलायचं काम नाथाजीचं.

"हितं बालकाश्रम कुठं हाय वो?" अण्णांनी विचारलं.

"कसला आश्रम?"

"पोरांचा. साठ पोरं हायत. दहिवडी रस्ता, जुन्या पोल्ट्रीच्या पुढं."

नाथाजीनं गिरणीच्या आवाजातनं ऐकलं, बायकोकडं बघितलं, आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा, अण्णा. पाणी घ्या. कुठनं आलाय?"

"समडोळीवरनं. सांगलीच्या तिकडनं."

"हे बघा," नाथाजी म्हणाला, "ह्या रस्त्याला कोण जेवतंय आन कोण उपाशी झोपतंय हे मला इचारा. ज्या घरात चूल पेटती, त्या घराचं दळण हितं येतंय. साठ पोरं म्हंजी रोजचं पंधरा-वीस किलो पीठ. असला आश्रम ह्या रस्त्याला असता तर मी आज दोन गिरण्या लावून गादीवर बसलो असतो."

बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. "तुमाला ठाव नसंल," ते म्हणाले. "आमची मंडळी दरसाल यायची. वीरधवल सर म्हणून हायत. रोज फोन करत्यात."

"पैसं मागितलं?"

अण्णांचा हात आपोआप कमरेकडं गेला. नाथाजीनं ते बघितलं आणि आवाज खाली घेतला. "कुणाच्या खात्यावर घाला म्हणाला?"

"मेव्हण्याच्या."

"जय हिंद," नाथाजी म्हणाला.

"आवं, पयलं तुमचं सांगा त्यांला," शालूबाई पिठाच्या डब्यामागनं म्हणाली. "का ते गुप्त ठेवताय?"

नाथाजीनं मिशीवरनं हात फिरवला. मग सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्याच्या फोनवर एक फोटो आला होता. दवाखान्यात पडलेला जवान, पायाला पट्टी, खाली लिहिलेलं, तुमच्याच रेजिमेंटचा आहे, आज संध्याकाळपर्यंत ऑपरेशन. नाथाजीनं विचार केला नाही. दोन महिन्यांची पेन्शन पाठवली. पुढं कळलं, तोच फोटो दहा नावांनी दहा गावांत फिरतोय.

"बंदूक चालवायला हुशार," शालूबाई म्हणाली, "फोन चालवायला न्हाई. त्या जवानाचा पाय किती वेळा तुटला, इचारा त्यांला."

"हां, झालं का तुजं?" नाथाजी म्हणाला. "म्हंजी अण्णा, मी देयाचं बंद केलं का? न्हाई. बंद करून कसं चालंल. पर आता आदी तिथं जातो आन जेवून येतो. खरी पोरं जितं ऱ्हातात तिथं दुपारच्याला फोडणीचा वास असतोय, दोरीवर बारक्या चड्ड्या वाळत असत्यात. ते बघायचं. मग कागद. धर्मादायच्या कचेरीत नोंद हाय का, नंबर किती, खातं संस्थेच्या नावावर हाय का, पावती देतात का. आन आजच्या आज द्या म्हणणाऱ्याला तर आजिबात न्हाई. खऱ्याला मदत आज बी लागती आन म्हयन्यानं बी लागती."

"पावतीचं जमणार न्हाई," अण्णा म्हणाले. आवाजात अजून ताठपणा होता. "आमच्यात गुप्तदानाला पावती मागितली की दान बाटतंय. आमच्या मंडळीनं तर कुठं देती ते मला सुदिक कवा सांगितलं न्हाई."

"तुमी लपा की," नाथाजी म्हणाला. "देणाऱ्यानं लपावं, चांगलं हाय ते. घेणाऱ्यानं कशापायी लपावं?"

अण्णा छत्रीची मूठ फिरवत राहिले. नाथाजीचं त्यांना कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. कारण हा माणूस खोटा ठरला तर एकटा तो जाणार नव्हता. लिंबाखालचा बाकही जाणार होता. दुपारचे तीन वाजणं जाणार होतं. "आवं, पर तो तिला वळखतो," ते म्हणाले. "तिचं नाव घेऊन बोलला. चंदनबालाताई म्हणाला. तिचा च्या ठाव हाय त्याला, चप्पल ठाव हाय."

शालूबाईनं गिरणीत धान्य सोडायचं थांबवलं. तिनं ते मुद्दाम विचारलं नाही, तिला खरोखरच कळेना म्हणून विचारलं.

"आवं अण्णा, एक इचारू? अक्का गुपचूप द्यायच्या म्हणता. नवऱ्याला सुदिक सांगितलं न्हाई. मग त्या माणसाला त्यांचं नाव कसं कळलं?"

गिरणी चालू होती. पट्टा फटफट वाजत होता. अण्णांनी छत्री गुडघ्यांवर आडवी ठेवली.

इतकी साधी गोष्ट. सत्तेचाळीस वर्षं त्यांना ठाऊक असलेली. चंदनअक्कांनी ज्याला दिलं, त्याला अक्कांचं नाव माहीत असणंच शक्य नव्हतं. नाव सांगून दिलं असतं तर त्या घरी येऊन गप्प कशाला राहिल्या असत्या? जिथं ती पिशवी रिकामी व्हायची तिथलं माणूस फोन करून "चंदनबालाताई" म्हणूच शकत नाही. ते माणूस आज, या घटकेला, कुठंतरी दाराकडं बघत असेल, आणि त्याला कुणाची वाट बघायची तेही धड ठाऊक नसेल. जो नाव घेऊन आला, तो नाव घेतल्यामुळंच खोटा.

मग एकेक सुटत गेलं, कापूस पिंजल्यासारखं. चहा बिनसाखरेचा, हे पहिल्या दिवशी आपणच सांगितलं. चप्पल आपणच सांगितली. पोरांच्यात बसायची हौस तिला होती, हेही आपल्याच तोंडातनं गेलं असेल. आपलंच पेरलेलं त्यानं चार दिवसांनी आपल्यालाच कापून आणून दिलं, आणि आपण ते डोळ्यांत पाणी आणून पोत्यात भरलं. एकेक गोष्ट अण्णांनी मनातल्या मनात त्या पहिल्या तासाभराच्या बोलण्याशी लावून बघितली. सगळ्या लागल्या. एकच लागेना. हसण्याचं मात्र आपण त्याला काही सांगितलं नव्हतं. ते तर आपण उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

शालूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "उकळून गाळलेलं हाय, अण्णा. आमच्या बाजूच्या गुरुजींकडं तुमच्यातली माणसं येत्यात, म्हणून ठाव हाय." अण्णांनी घोट घेतला. मग भडंगाची पिशवी उचलून तिच्यापुढं ठेवली.

"हे काय?"

"वाटा सगळ्यांना. परत न्यायला जड हाय."

दारातल्या बायकांनी डब्यांची झाकणं पुढं केली. त्यातली हरणाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला दात नव्हते, तरी तिनं ओंजळ भरून घेतली. "कुणाच्या नावाचं हाय गं हे?" तिनं शालूबाईला विचारलं.

शालूबाईनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान हलवली. "नाव न्हाई," शालूबाई म्हणाली. "खा."

हरणाबाई चघळू लागली. "लसूण कमी पडलाय," म्हणाली, आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. अण्णांना वाटलं, इथं ती असती तर आत्ता तिचे खांदे हलले असते.

पिवळी पिशवी तशीच कमरेला होती. नाथाजी म्हणत होता, आज राहा, उद्या तुम्हाला एका वसतिगृहात नेतो, माझं नेहमीचं ठिकाण आहे, जेवू, कागद बघू, पटलं तर द्या, न पटलं तर भाजी बरी होती म्हणून परत या. अण्णा "बघू" म्हणाले. पिशवी नेमकी तिच्या जागी जाणार नाही, हे त्यांनी आता मनाशी कबूल केलं होतं. कुठल्या तरी चांगल्या जागी जाईल. पण तिच्या जागी नाही. ती जागा आता कायमची तिचीच राहिली.

आणि तीन वाजले. फोन वाजला.

नाथाजीनं हात पुढं केला. "द्या हिकडं. दोनच मिन्टं. अठरा सालात फौजेत जेवढं शिकलोय तेवढं सगळं ऐकवतो त्याला. आन मग नंबर पोलिसांत देऊ."

"नंबर द्यायचा नंतर," अण्णा म्हणाले आणि फोन छातीशी धरला. शालूबाईनं बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला. हवेत उडालेलं पीठ हळूहळू खाली बसू लागलं.

"नमस्कार आजोबा," पलीकडचा मऊ आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आज क्षमावाणी ना? शेवटचा दिवस. आज पत्रे नाही आले तर मुलं ओल्यात झोपतील हो. ताईंना वर काय वाटेल, सांगा बघू?"

नाथाजी दात खात उभा. अण्णांनी डोळे मिटले. सकाळी बस्तीत सगळ्या गावाची क्षमा मागून निघाले होते ते. पलीकडून दोनदा "हॅलो" आलं. मग अण्णा म्हणाले,

"पैसं काय तुला मिळायचं न्हाईत, बाबा. तू तिला कवा बघितलं न्हाईस, हे आता मला कळलंय. आज क्षमेचा दिवस हाय, म्हणून तुला वंगाळ बोलत न्हाई. पर थांब, फोन ठेवू नगंस. ती पोरांत बसून मोठ्यांदा हसायची म्हणला होतास न्हवं, तेवढं एकदा परत सांग."